सकाळी कप धरवत नाही आणि संध्याकाळी फिरायला जाते, मग दुखणं खरं की नाटक?

यावेळी विशी-तिशीतल्या संधिवाताच्या पेशंट्सपेक्षा त्यांच्या घरच्यांचेच प्रश्न जास्त आलेत. "एवढ्या लहान वयात संधिवात कसा काय?" हे जवळपास सगळ्यांनीच विचारलंय म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. झिजेचा संधिवात उतारवयात होतो, पण आमवात आणि मणक्याचा संधिवात यांत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, आणि ते विशीत काय, शाळेतल्या मुलांमध्येही होतं.

मुलगी 22 ची, आमवात निघालाय. सकाळी कप धरवत नाही म्हणते, वेणी मी घालून देते. त्याच संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फिरायला जाते. सासूबाई म्हणतात नाटकं आहेत. काय समजायचं? – एक आई, सातारा

नाटक नाहीये हो. रात्रभर सांधे हलत नाहीत, त्यात सूज, त्यामुळे उठल्यावर तास-दोन तास बोटं आखडलेली असतात आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू मोकळी होतात. तुमच्या सासूबाईंच्या, म्हणजे आजींच्या झिजलेल्या गुडघ्याचं नेमकं उलटं, तो चालल्यावर दुखतो आणि बसलं की बरं वाटतं. आजी स्वतःच्या गुडघ्यावरून नातीच्या बोटांचा अंदाज बांधतायत, घोटाळा तिथेच आहे. भांडू नका, हा फरक त्यांना नीट सांगा, दुखणं काय असतं ते त्यांनाही चांगलंच माहितीये.

आता तुमच्याबद्दल. सगळंच तुम्ही करू नका. ज्या दिवशी सांधे सुजलेत त्या दिवशी वेणी घाला, एरवी "आज काय काय जमेल?" एवढंच विचारा. सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बसू दे, आणि क्लास किंवा कॉलेजची वेळ थोडी पुढे ढकलता येते का बघा. माझ्या एका पेशंटची आई पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल करून ठेवते आणि त्यावर एक अक्षर बोलत नाही, ती मुलगी म्हणाली मला घरातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

आणि मेथोट्रेक्सेट (आमवाताचं नेहमीचं औषध) चालू असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही!! चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. रक्ताच्या तपासण्या "आता बरी आहे" म्हणून टाळू नका, लिव्हरवर आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवायलाच त्या असतात.

रूममेट 26 चा आहे, हिंजवडीत जॉब. 3 वर्षं कंबर दुखतीये, स्लिप डिस्क म्हणून बेल्ट लावून झोपून राहायचा, आता मणक्याचा संधिवात निघाला. मी काय करू शकतो? – पुणे

ही चूक फार कॉमन आहे. पहाटे दुखण्याने जाग येते, आराम केला की वाढतं आणि चाललं की कमी होतं, अशी तरुणाची कंबर दिसली की संधिवाताची शंका यायला हवी. (नुसती एचएलए-बी27 ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं मात्र नाही, ती बऱ्याच धडधाकट लोकांचीही येते.) या आजारात व्यायाम म्हणजे अर्धं औषध, म्हणून त्याला "झोप रे, आराम कर" म्हणू नका, सकाळी ओढून चालायला न्या, पोहायला गेलात तर फारच छान. सिगरेट ब्रेकला सोबत जात असाल तर ते बंद करा, दोघांनीही. त्याचा डोळा अचानक लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून ड्रॉप्स आणू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

स्थळं बघतायत. आई म्हणते आमवाताचं सांगू नकोस, नाहीतर कोणी हो म्हणणार नाही. मूल होईल का? – वय 27, ठाणे

सांगायचं, असं माझं स्पष्ट मत. पहिल्याच कांदेपोह्याला रिपोर्टची फाइल उघडायची गरज नाही, पण होकाराच्या आधी मुलाला तू स्वतः सांग. लपवून गोळ्या खाणाऱ्या मुली मी बघितल्यात, त्या गोळ्या चुकतात आणि मग सांधे बिघडतात.

मूल होऊ शकतं. फक्त आधी प्लॅन करायचं. मेथोट्रेक्सेट बाळाला घातक, ती साधारण 3 महिने आधी थांबवतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी काही औषधं चालू ठेवता येतात. स्वतःच्या मनाने मात्र काहीच बंद करायचं नाही. गरोदरपणात बऱ्याच जणींचे सांधे उलट शांत होतात आणि बाळंतपणानंतर आजार पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून आईला सांग, डोहाळजेवणाचा थाट कमी केलास तरी चालेल, बाळाला रात्री उचलायला माणूस हवं.

एमपीएससी करतोय, 3 तास लिहिलं की बोटं सुजतात. पण दिव्यांगांच्या सवलतींना लागतं तेवढं 40 टक्के अपंगत्व भरत नाही. पेपर लिहून द्यायला लेखनिक मिळेल का? – लातूर

लेखनिक मिळायला 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने 2021 मध्येच सांगितलंय, यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या केसमध्ये. लिहायला त्रास होतो असं सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं, त्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलला आत्ताच जा, हॉल तिकीट आल्यावर नको. नियम बदलत असतात, त्यामुळे जाहिरातीतला तो भाग अक्षर न् अक्षर वाच.

वांगं, दही, आंबट बंद करू का? गावाकडून एक पुडी आणलीये, दोन दिवसांत फरक पडतो म्हणतात. – कोल्हापूर

दही खा. वांगं आवडत असेल तर तेही खा, खाऊन खरंच त्रास झाला तर सोडा. पुडीचं मात्र ऐका, दोन दिवसांत जादू करणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं बरेचदा सापडतं. घेत असाल तर एकदम बंद करू नका, पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.