आजीच्या नळाचं फडकं

द हेग (नेदरलँड्स), रविवार

लाडक्या चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "आजी नळाच्या तोंडाला फडकं का बांधते? किती कळकट दिसतं ते! आणि विचारलं तर म्हणते, आपल्यात असंच करतात." हे घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे. आजीलाही वाचून दाखव.

गावाबाहेरची पायऱ्यांची बारव तू पाहिलीस ना? आजी तुझ्याएवढी होती तेव्हा सगळं गाव तिचंच पाणी प्यायचं. बायका पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवायच्या. त्या पाण्यातून नारू व्हायचा.

नारू म्हणजे जंत. शेवईसारखा बारीक, पण चांगला दोन हात लांब. पाण्यात सायक्लोप्स नावाचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव असतात, नारूची पिल्लं त्यांच्या पोटात राहतात. असा सायक्लोप्स पाण्याबरोबर आपल्या पोटात गेला की तो मरतो, पण पिल्लू जगतं आणि वाढत राहतं. वर्षभर माणसाला पत्ताही नसतो. मग एक दिवस बहुतेक पायावरच फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटतो आणि जंताचं टोक दिसू लागतं. आग शमावी म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो आणि तेवढ्यात मादी लाखो पिल्लं पाण्यात सोडून देते. ती पुन्हा सायक्लोप्सच्या पोटात जातात, आणि ते पाणी पुन्हा गाव पितं.

तुझ्या पणजोबांना, म्हणजे आजीच्या वडिलांना, नारू झाला होता. जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजून पू धरायचा. त्यांचा तुटला. ऐन पेरणीत ते महिनाभर ओसरीवर पडून होते आणि त्या वर्षी अर्धं रान पडीक राहिलं.

नारूवर लस नाही, तो बरा करणारं औषध आजही नाही. तरीही तो आपल्या देशातून गेला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, हापसे बसवले, रोग्याला पाण्यात उतरू दिलं नाही, विहिरींत सायक्लोप्स मारणारं औषध टाकलं, आणि घरोघरी पाणी फडक्यातून गाळलं. फडक्यातून पाणी जातं, सायक्लोप्स जात नाही. एवढी साधी गोष्ट, पण मला तिचं फार अप्रूप वाटतं.

पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचंही असंच आहे. तिचा जंतू इतका बारीक, की कुठल्याही कापडातून निघून जाईल. पण पाण्यात तो पुष्कळदा अशाच बारक्या जीवांना चिकटलेला असतो. बांगलादेशात मतलब भागात रिटा कोलवेल या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना सांगितलं, की जुन्या साडीच्या निदान चार पदरी घडीतून पाणी भरा. २००३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी कमी झाले. साडी जुनीच बरी, कारण धुऊन धुऊन सूत पिंजतं आणि विणीतली भोकं बारीक होतात. आजी नळाला कधी नवं कापड बांधत नाही, आजोबांच्या मऊ झालेल्या धोतराचंच फाडते, हे तुझ्या लक्षात आलंय का?

गावात नळ आला तेव्हा मी ते फडकं सोडून फेकून दिलं होतं, आता कशाला हवं म्हणून. आजी काही बोलली नाही. सकाळी दुसरं बांधलेलं होतं. पणजोबांच्या पायाची गोष्ट मला तोवर कुणी सांगितलीच नव्हती. ते फेकलेलं अजून माझ्या मनाला लागून आहे.

पण आजीला एक सांग. काविळीचे आणि टायफॉईडचे जंतू फडक्याला जुमानत नाहीत. त्याला पाणी उकळायलाच हवं, नाहीतर पाणी निर्जंतुक करणाऱ्या मेडिक्लोरचे थेंब. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की वास येतो म्हणून ती पहिल्या दोन घागरी ओतून देते, ते मला पटत नाही. वासाचं पाणीच भरवशाचं. आणि फडकं कळकट असतं हे तुझंही खरं. अडकलेला गाळ तिथेच कुजला तर फडक्याचाच अपाय होईल.

इथे आपण नळाखाली पेला धरून सरळ पितो. तू ज्या वाळूच्या टेकड्यांमधून सायकल चालवतेस ना, तिथे मास नदीचं पाणी आणून सोडतात. साधारण दोन महिने ते वाळूतून झिरपतं, मग पुढे आणखी शुद्ध करून आपल्या घरी येतं. तिथे कुंपण कशाला, असं तू विचारायचीस. आपलं पिण्याचं पाणी गाळलं जातं तिथे, म्हणून.

आता सुट्टीभर ते काम तू घे. संध्याकाळी फडकं सोड, उलटं करून धू, उन्हात कडकडीत वाळव, आणि चार पदर करून बांध. गाठ कशी मारायची ते आजी दाखवेल. येताना तिच्या जुन्या सुती लुगड्याचा एक तुकडा माझ्यासाठी मागून आण.

तुझी,
आई