‘त्याला कळत नाही’ हे वाक्य

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आहे. त्याची बहीण अकरा वर्षांची, फार समजूतदार. परवा त्याने तिचा शाळेचा प्रकल्प फाडला. मी सवयीने म्हणाले, “जाऊ दे, त्याला कळत नाही.” ती ओरडली, “मला तो नकोच आहे!” तेव्हापासून ती गप्प आहे. तिला चांगलं रागवायला हवं, असं हिचे बाबा म्हणतात. माझ्याच हातून काही चुकलं का, हा विचारही माझा पिच्छा सोडत नाही. काय करू?

उत्तर : रागवू नका. मीही अशाच घरातली थोरली बहीण आहे. ‘त्याला कळत नाही’ हे ऐकलं की माझ्या वस्तूंना, माझ्या मेहनतीला घरात काही किंमतच नाही, असं मला वाटायचं. प्रकल्प फाटला हे तिचं खरंखुरं नुकसान आहे. आधी ते मान्य करा : “तुझी मेहनत वाया गेली, राग येणारच.” मग तो पुन्हा करायला तिच्यासोबत बसा. आणि तिला कुलूप लागणारा एक खण द्या, फक्त तिचा.

‘नकोच’ म्हणून गेलेली मुलगी मागाहून स्वतःलाच दोष देत बसते. आम्ही भावंडं हे कुणाला सांगत नाही. त्यामुळे राग आणि माया एकाच वेळी मनात असू शकतात, हे तुम्हीच तिला सांगा. भावाबद्दलही सरळ बोला. आवाज, प्रकाश, गर्दी किंवा ठरलेल्या गोष्टीतला अचानक बदल त्याला असह्य होतो, तेव्हा त्याचा स्वतःवरचा ताबा सुटतो. तो हट्ट नसतो. पण त्याला शांत करणं हे तिचं काम नाही. ते मोठ्यांचं.

आता तुमच्याबद्दल. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचं वर्णन करून ही अवस्था मांडली. पुढे कित्येक वर्षं आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. किती आया त्यात होरपळल्या असतील! बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी 1964 साली हा समज खोडून काढला. 1977 साली जुळ्यांच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला. तुमच्या वागण्यामुळे हे झालेलं नाही. मुलीलाही हे सांगा, कारण ‘माझ्यामुळे तर नाही ना?’ असं लहान मुलांच्याही मनात येतं.

तिच्या बाबांसाठी तिला रागवण्यापेक्षा मोठं काम आहे. आठवड्यातला एक ठरलेला तास त्यांनी मुलाला सांभाळावं, आणि तो तास तुमचा नि लेकीचा. त्यात भावाचा विषय तिने काढला तरच काढायचा. मोठेपणी त्याला कोण बघणार, असं तिने विचारलं, तर “ते आम्ही ठरवतोय, तुझ्यावर टाकणार नाही” असं म्हणा, आणि खरोखरच ठरवायला लागा. तिचं गप्प राहणं लांबलं, झोप किंवा अभ्यास बिघडला, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. मुलाच्या थेरपीच्या वेळा सांभाळता, तितक्याच काटेकोरपणे तिच्याही सांभाळा.