'आफिनाज' : शुद्धीकरण, आंबवणे की मुरवणे?

प्रश्न असा आहे : फ्रेंच चीजवरच्या लेखाचं मराठी करताना 'आफिनाज' (बनवलेलं चीज काही काळ ठेवून त्याला चव येऊ देणं) हा शब्द अडला. कोशात 'शुद्ध करणे' सापडलं म्हणून तुम्ही लिहिलंत, 'कोंते चीजचे शुद्धीकरण किमान चार महिने चालते.' मजकूर तपासणाऱ्यांनी ते खोडून 'आंबवण्याची प्रक्रिया' असं केलं. बरोबर कोण?

माझ्या मते दोघंही नाही. हवा तो शब्द लोणच्याच्या बरणीत आहे : मुरवणे.

कोशाची यात चूक नाही. शब्दाच्या मुळाशी 'फँ' म्हणजे बारीक, तलम, उंची हे विशेषण आहे. सोन्याचांदीतलं हीण काढण्यालाही फ्रेंचमध्ये आफिनाजच म्हणतात आणि तिथे शुद्धीकरण शोभतं. चीजमधून मात्र काहीच गाळून टाकायचं नसतं. उलट बुरशी, जिवाणू, मीठ, तळघरातला ओलावा यांना आपापलं काम करू द्यायचं असतं.

'आंबवणे'मध्ये टप्पा चुकतो. दुधातल्या साखरेचं आम्ल होतं ते अगदी सुरुवातीला, आपल्या विरजणासारखं. रेनेट घालून दूध घट्ट करायचं, साच्यात निथळायचं, मीठ लावायचं, आणि मग सुरू होतं ते आफिनाज. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात भात आंबतो आणि तो टाकून द्यावा लागतो. 'चार महिने आंबवलेलं चीज' वाचून कोण तोंडात घालेल?

आता मुरण्याकडे या. नॉर्मंडीचा कामाँबेर म्हणजे कच्च्या दुधाची, पाव किलोची एक चपटी चकती. तिच्या पाठीवर पांढरी बुरशी धरते आणि काम बाहेरून आत सरकतं. थोडा आधी कापलात तर सालीखाली पिवळसर, लोण्यासारखा मऊ थर दिसतो आणि मधोमध खडूसारखी पांढरी, आंबटसर पट्टी. आठ दिवसांच्या लोणच्यातली कैरीची फोड अशीच असते, कडेला मसाला शिरलेला आणि मध्ये पांढरी करकरीत. ती पट्टी पार नाहीशी झाली की फ्रेंच माणूस म्हणतो 'फे आ कर', शब्दशः 'काळजापर्यंत झालेला'. मी 'पोटापर्यंत मुरलेला' म्हणेन.

रोकफोरमध्ये उलटी तऱ्हा. मेंढीच्या दुधाच्या या चीजला सुयांनी भोकं पाडतात, आत हवा खेळते आणि निळी बुरशी पोटातूनच पसरते. चव खारट, तिखटसर, जिभेला चावणारी. कोंतेला तर बुरशीच्या शिरा नसतातच. ज्युरा डोंगरातली ही सुमारे चाळीस किलोची चाकं लाकडी फळ्यांवर मांडून ठेवतात, उलटसुलट करतात, मिठाच्या पाण्याने घासतात. कोवळं कोंते दुधाळ, गोडसर लागतं. दीड-दोन वर्षं मुरलेलं भाजक्या अक्रोडासारखं खमंग, आणि दाताखाली बारीक कण कुरकुरतात. तिन्हीकडे तऱ्हा वेगळी, पण काळ आत जिरतो हे सारखंच, आणि 'मुरणे'त नेमकं तेच आहे. म्हणून तर थंडी हाडात मुरते आणि पुढारी राजकारणात मुरलेला असतो.

(मुरांब्याला मात्र साक्षीला बोलावू नका. तो 'मुरलेला आंबा' वाटतो खरा, पण शब्द अरबी-फारसी 'मुरब्बा'वरून आलेला आहे.)

तेव्हा तुमचं वाक्य : 'कोंते निदान चार महिने मुरवतात.' नाम शोधत बसू नका, मराठीला इथे क्रियापदच सोयीचं. चीज बनवणारा आणि मुरवणारा हे तिथे पुष्कळदा वेगळे कारागीर असतात. त्या दुसऱ्याला 'आफिनर' म्हणतात. त्याला सरळ 'चीज मुरवणारा' म्हणा. आणि जे मुरवतच नाहीत, आपल्या चक्क्याच्या जवळचं 'फ्रोमाज ब्लाँ', ते 'ताजं चीज'.

'पिकवणे' चालेल का, हेही कुणी विचारील. कोंतेला नाही. कामाँबेरला एक वेळ चालेल, कारण तोही अढीतल्या आंब्यासारखा अंगठ्याने हलकेच दाबून पाहतात. जास्त दिवस राहिला तर साल तपकिरी पडते आणि अमोनियासारखा दर्प नाकात शिरतो. त्याला मराठीत बिनधास्त 'उतरला' म्हणा.