निवृत्त गुप्तहेराला खरंच परत बोलावतात का?

तुम्हाला पटकथा लिहायची आहे. हेर निवृत्त होऊन कुठेतरी डोंगरात एकटा राहतोय, एक दिवस खात्याची काळी गाडी दारात येते, तो दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्यांदा निघतो. प्रत्यक्षात असं घडतं का, असं तुम्ही विचारलंय. घडतं. पण तो 'नाही' म्हणतो ही शुद्ध थाप. आमच्याकडे असा माणूस आला होता आणि दार मी उघडलं होतं, म्हणून इतक्या खात्रीने सांगते.

आमचं घर इंदूरला, रामबागेत. बोलावणं माझ्या सासऱ्यांना, अण्णांना होतं. खात्याचं नाव लिहीत नाही. त्यांनी जन्मभर घरात उच्चारलं नाही, मी इथे कशाला उच्चारू? वायरलेसवर होते एवढं पुरे. कानाला हेडफोन लावून सीमेपलीकडचे संदेश ऐकायचे आणि कागदावर उतरवायचे. निवृत्त होऊन घरी आले आणि सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. दूधवाल्याच्या हिशेबात तफावत काढायची, समोरच्यांकडे कोणाची स्कूटर किती वाजता आली आणि किती वाजता गेली ते सांगायचं, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याला सर्दी झालीय का ते ओळखायचं. सासूबाई तर म्हणायच्या, "यांना कुणीतरी परत घेऊन जा हो."

जानेवारी १९८७. माझी पहिली संक्रांत नुकती झाली होती, हलव्याच्या दागिन्यांचं कौतुक अजून चालू होतं. सकाळी एक माणूस लॅम्ब्रेटावर आला. हातात रेक्झिनची बॅग होती, म्हणून मला वाटलं एलआयसीवाला असेल. त्याने "दादा हैं?" विचारलं. अण्णा बाहेर आले आणि त्याला बघून जे ताठ उभे राहिले, तसे मी लग्न झाल्यापासून बघितले नव्हते. आतून पोहे गेले. त्यावर जीरावन भुरभुरवून घेत तो एवढंच म्हणाला, "साब ने याद किया है." अण्णांनी ना कशासाठी विचारलं, ना किती दिवस. "गाडी किती वाजता?" हा त्यांचा एकुलता एक प्रश्न. पाहुण्याचे पोहे संपायच्या आत ट्रंकेतून गरम कोट निघाला होता. सासूबाईंनी मफलर आणि तिळाच्या वड्यांचा डबा दिला, आणि अण्णा अजमेरकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या गाडीत बसले. तुमच्या पटकथेतलं ते लाकडं फोडणं, भूतकाळाने छळणं, "मी ते आयुष्य मागे टाकलंय" वगैरे, काही नाही. निवृत्त माणूस त्या बोलावण्याची रोज वाट बघत असतो. वाट बघताना तो घरच्यांना काय करतो, यावर सिनेमा का निघत नाही कोण जाणे.

तो काळ आठवून बघा. राजस्थानात ब्रासटॅक्स हा प्रचंड युद्धसराव चालला होता, लष्करप्रमुख होते जनरल सुंदरजी. पाकिस्तानला वाटलं, सरावाच्या आडून खरा हल्ला होतोय. त्यांनीही फौजा पुढे आणल्या आणि जानेवारीत दोन्हीकडचं सैन्य समोरासमोर आलं. फेब्रुवारीत पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झिया उल हक जयपूरला कसोटी बघायला आले, तोवर वातावरण बरंच निवळलं होतं आणि अण्णा घरी परतले होते. टीव्हीवर झियांना बघून त्यांना जे हसू आलं त्याचं कारण त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

मग अशा वेळी म्हाताऱ्याला कशाला बोलवायचं? हे अण्णांनी पुष्कळ वर्षांनी, ना जागा ना माणसं, असं उघडंबोडकं सांगितलं. मोर्स, म्हणजे टिंब आणि डॅशची संदेशलिपी, पाठवणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा असतो. कुणी डॅश जरा लांबवतो, कुणी ठरावीक अक्षरापाशी अडखळतो, कुणाला घाई असते. तुकडीचं सांकेतिक नाव बदलतं, फ्रिक्वेन्सी बदलते, कोड तर बदलतोच. हात बदलत नाही. भजनात डोळे मिटून बसलं तरी टाळ कोण वाजवतोय ते कळतं ना, तसं. संदेशाचा अर्थ लागला नाही तरी हा अमक्याचा हात आहे एवढं कळलं, की ती तुकडी कुठून कुठे हलली याचा अंदाज बांधता येतो. नव्या पोरांकडे मशिनं चांगली होती, पण पलीकडचे जुने हात ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकले होते ते एकेक करून निवृत्त झालेले. "एक जण अजून होता," अण्णा म्हणाले, "पण हात कापत होता त्याचा. माझ्याच वयाचा असणार." तुमच्या जागी मी असते तर पिस्तूल-बिस्तूल टाकून देऊन या दोघांवर पटकथा लिहिली असती.

आता मुद्द्याकडे. म्हणजे माझ्या.

धाकटे दीर पुण्याला असतात. मागच्या दिवाळीत आले तेव्हा पोराटोरांना घेऊन असलाच एक सिनेमा बघून आले. साठीचा हिरो, खांद्यात गोळी, तरी डझनभर लोक लोळवतो. रात्री ताटावर बसल्यावर भाऊजी म्हणतात, "याला म्हणतात हेर! आमचे अण्णा म्हणजे हेडफोन लावलेले कारकून. त्यांना कोण बोलावतंय? पेन्शनच्या कागदांसाठी गेले असतील, वहिनी, आणि तुम्हाला काहीतरी सांगितलं असेल." १९८७ ला ते हॉस्टेलवर होते. लॅम्ब्रेटा त्यांनी पाहिली नाही, पोहे मी केले होते.

भाऊजी, १९९९ च्या मे महिन्यात पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ बीजिंगला होते आणि तिथून ते रावळपिंडीला लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्याशी फोनवर कारगिलबद्दल बोलले. ते बोलणं आपल्या लोकांनी ऐकलं आणि टेप करून ठेवलं. ११ जूनला सरकारने ते जगासमोर मांडलं आणि घुसखोर म्हणजे फक्त मुजाहिदीन, ही पाकिस्तानची थाप उघडी पडली. हे कुणी केलं, छतावरून उड्या मारणाऱ्यांनी? कान लावून बसणाऱ्यांनीच केलं ना?

आणि पुरावा हवा असेल तर टी. ए. बिलाची फाइल आहे. अण्णांनी परत आल्यावर नियमाप्रमाणे प्रवासभत्त्याचं बिल पाठवलं. ते आक्षेप लावून परत आलं: निवृत्त कर्मचाऱ्याने प्रवास कोणत्या आदेशान्वये केला, आदेशाची प्रत जोडावी. अण्णांनी उत्तर दिलं, आदेश तोंडी व गोपनीय असल्याने प्रत जोडता येत नाही. पुन्हा पत्र आलं: प्रतीअभावी बिल मंजूर करता येत नाही. हा पत्रव्यवहार अण्णांनी ज्या चिकाटीने चालवला ती बघता, हेरगिरी ही मुळात कारकुनाचीच विद्या आहे असं माझं मत झालंय. पैसे मिळाले नाहीत. भाऊजी म्हणतात यातून काहीच सिद्ध होत नाही. पेन्शनच्या कामाला गेलेला माणूस प्रवासभत्ता कशाला मागेल?

तुमचं उत्तर राहिलंच. वरच्या पातळीवर तर सर्रास परत बोलावतात आणि ते गुपितही नाही. १९६८ साली रॉ, म्हणजे परदेशातली हेरगिरी बघणारं खातं, स्थापन झाली तिचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव. १९७७ साली जनता सरकार आल्यावर ते गेले आणि इंदिराबाई परत सत्तेवर आल्यावर सल्लागार म्हणून परत आले. एम. के. नारायणन आयबीचे, म्हणजे देशातल्या गुप्तचर खात्याचे, प्रमुख होते, निवृत्तीनंतर २००५ साली राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. अजित डोवाल २००५ च्या सुरुवातीला आयबीतून निवृत्त झाले आणि २०१४ साली त्याच सल्लागारपदावर आले. रॉचे प्रमुख असलेले दुलत तिथून बाहेर पडले ते काश्मीरचा विषय घेऊन थेट पंतप्रधान कार्यालयात. पण बघा, यातल्या प्रत्येकाला खुर्ची दिली, पिस्तूल नाही. उपयोग असतो तो ओळखींचा आणि आठवणीचा. खालच्या माणसाला खुर्चीही नाही, त्याला स्टूल. कंत्राटावर घेतलं तर साधारण शेवटच्या मूळ पगारातून पेन्शन वजा करून उरेल ती रक्कम. तुमचा नायक स्विस बँकेचा आकडा मागणार असेल तर हा हिशेब त्याला आधी दाखवा.

सिनेमातलं एक कारण मात्र मला पटतं: खात्यातच फितूर आहे, म्हणून बाहेरचा पण विश्वासाचा माणूस हवा. रॉचा रविंदर सिंग २००४ साली नेपाळमार्गे अमेरिकेला पळाला, म्हणजे फितूर असतात. अशा वेळी रोजच्या चहाच्या टेबलावर नसलेला म्हातारा कामाचा, कारण त्याला बढती नको असते. तुमची गोष्ट या वाटेने न्या.

शेवटी तो पुस्तक लिहितो असा शेवट करणार असाल तर सांभाळून. मे २०२१ मध्ये पेन्शनचे नियम बदलले. गुप्तचर आणि सुरक्षा खात्यांतून निवृत्त झालेल्यांना खात्याच्या कामाबद्दल काही छापायचं तर आधी परवानगी लागते, नाहीतर पेन्शनवर गदा. अण्णा त्याआधीच गेले. मी खात्यात नव्हते, मी शाळेत गणित शिकवलं, म्हणून लिहितेय.

हे आधी सांगायला हवं होतं: हे सगळं पगारी नोकरांबद्दल आहे. नाव बदलून सीमेपलीकडे पाठवलेल्यांची गोष्ट पूर्ण वेगळी. काश्मीर सिंग ३५ वर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात काढून २००८ साली परत आले आणि मग म्हणाले की होय, मी हेर होतो. तशा माणसाला परत कोण बोलावणार, त्याचं नाव हजेरीपटावर असतं कुठे? त्या लोकांबद्दल माझ्या घरातल्या गोष्टीवरून काहीही ठरवू नका. आणि अण्णांनी नेमकं काय ऐकलं, त्याचा कुणाला किती उपयोग झाला, हे मला माहीत नाही. ते त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

पटकथेत एक बदल तेवढा कराच. डोंगर काढा, त्याला भरल्या घरात ठेवा. बायको मफलर काढून देते, सून पोहे करते, आणि एक मुलगा आहे ज्याला बाप हेर होता हे मरेपर्यंत पटत नाही. त्या मुलाला पुण्यात ठेवा. लिहून झालं की मला पाठवा, मी भाऊजींना वाचून दाखवते.