तिची इच्छा, तिची नजर

प्रश्न: दोन मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनपटात नायिकेची कामेच्छा दाखवायची आहे, पण स्टोरीबोर्डभर (दृश्यांच्या चित्र-आराखड्यात) तिचंच अंग दिसतंय. काय चुकतंय?

उत्तर: कॅमेरा तिला न्याहाळतोय, तिच्या डोळ्यांनी बघत नाही. आधी तिचा चेहरा, मग तिला जे दिसतं ते, पुन्हा चेहरा, असा क्रम लावा. नजर खिळते तिथे एकच चित्र १६ ते २० फ्रेम धरा, फक्त पापणी हलवा. घाईत कापलंत, तर ती बघतेय हे कळतच नाही. चेक अ‍ॅनिमेशन-दिग्दर्शिका मिखाएला पावलातोवा यांच्या ‘ट्राम’ या लघुपटात (२०१२) नायिका ट्रामचालक आहे, गाडीच्या हादऱ्यांतून, तिकिटांच्या खटखटाटातून तिची कल्पना रंगत जाते. तेव्हा ध्वनिपट आधी बांधा. आणि हो, ऐनवेळी गुलाबपाकळ्या आणू नका!