साध्या कॅमेऱ्याने तेजोमेघ टिपता येतो का, आणि त्याचा तांबडा रंग खरा असतो का?

तुमचा प्रश्न असा: जळगावात राहता, एपीएस-सी सेन्सरचा डीएसएलआर आहे, ५० आणि १३५ मिमीच्या लेन्स आहेत, ज्या वायू-धुळीच्या ढगांत ताऱ्यांचा जन्म होतो त्या तेजोमेघांचे फोटो काढायचे आहेत, त्यासाठी ६ इंची दुर्बीण घेऊ का? आणि जाता जाता लिहिलंय की मित्र म्हणतो, ते लाल-गुलाबी रंग कॉम्प्युटरवर भरलेले असतात.

दुर्बीण घेऊ नका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण तुमच्या मित्राचं वाक्य मी आधी ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

धुळ्याकडच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. आम्ही मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे एम ४२ चा, मोठा प्रिंट लावला होता. तिथल्या एका स्टुडिओवाल्याने मुलांसमोर सांगितलं, "हाऊ रंग खोटा शे भो. मनाबी कॅमेराना फोटो देखा." त्याचा कॅमेरा आमच्यापेक्षा महाग, फोटोही त्याच महिन्यातला, आणि त्यात तेजोमेघ फिकट जांभळट राखाडी. मुलांनी त्याचं ऐकलं, कारण त्याच्या हातात पुरावा होता. पुरावा खरा होता, त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा होता. का, ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या पहिल्या फोटोतही नेमका तोच राखाडी रंग येणार आहे.

तेजोमेघातला हायड्रोजन जवळच्या तरुण, तापलेल्या ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी चेततो आणि ठरलेल्याच तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. त्यातली महत्त्वाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजन-अल्फा. ती गडद तांबडी. सोबत ४८६.१ ची निळसर हायड्रोजन-बीटा आणि ५००.७ ची हिरवट-निळी ऑक्सिजनची. एम ४२ मध्ये मधल्या चार ताऱ्यांच्या पुंजाजवळ ऑक्सिजनची रेषा जोरात असते, पंखांकडे हायड्रोजन-अल्फा. सगळं मिसळून गुलाबी होतं. आता कॅमेरा कंपन्या सेन्सरपुढे एक फिल्टर बसवतात. अवरक्त किरण अडवावेत आणि माणसाच्या त्वचेचा रंग डोळ्याला दिसतो तसा यावा, हा त्याचा हेतू. तो फिल्टर ६५६ वर जेमतेम पाव हिस्सा प्रकाश आत सोडतो. लग्नाच्या फोटोसाठी ते योग्यच आहे. तेजोमेघासाठी मात्र तीन चतुर्थांश तांबडा रंग दारातच अडतो. त्यावर त्या स्टुडिओवाल्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स होता, जो रस्त्यावरच्या दिव्यांचा तांबूसपणा काढताना उरलासुरला तांबडाही काढून टाकतो. आणि फाइल जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानेच रंग ठरवून दाबून ठेवलेली. म्हणजे रंग आम्ही भरला नव्हता, त्याच्या कॅमेऱ्याने काढून टाकला होता.

मग डोळ्यांना दुर्बिणीतूनही राखाडी-हिरवट का दिसतो? अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्या ६५६ ला जवळजवळ आंधळ्या असतात आणि ५०० च्या आसपास सगळ्यात तेज. डोळा जे दाखवतो तेवढंच खरं, असं मानायचं असेल तर क्ष-किरणाचा फोटोही खोटाच म्हणावा लागेल. अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, ११ इंची दुर्बिणीतून, ५१ मिनिटांच्या एक्सपोजरने. तेव्हापासून कॅमेऱ्याचं काम तेच आहे: डोळा साठवू शकत नाही तो प्रकाश साठवणं.

आता तुमच्या कॅमेऱ्याकडे. तारे सेकंदाला १५ कोनीय सेकंद (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात, आणि मृग खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे हा वेग जवळजवळ पुरा लागतो. पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा धरला तर ५० मिमीवर एका पिक्सेलमध्ये सुमारे १६ कोनीय सेकंद बसतात, १३५ वर ६. तीनेक पिक्सेलांची सरक खपते असं धरलं, तर नुसत्या ट्रायपॉडवर ५० मिमीने ३ सेकंद, १३५ ने १ सेकंद. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात. तो '५०० चा नियम' (५०० भागिले लेन्सचे मिमी म्हणजे सेकंद) सगळीकडे सांगतात, तो फिल्मच्या काळातला आहे. आजच्या बारीक पिक्सेलांना चालत नाही.

म्हणून पैसे दुर्बिणीत न घालता ट्रॅकरमध्ये, म्हणजे ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणाऱ्या साधनात, घाला. विकतचा मिळतो. पण जळगावात एमआयडीसी आहे, लेथवाले आहेत, सुतार आहेत. दोन फळ्यांचा ट्रॅकर घरी होतो. १८ मिमी प्लायवूडच्या दोन फळ्या, मध्ये पूर्ण लांबीची पट्टीची बिजागरी, एम६ ची आट्यांची सळई (आट्यांचं अंतर १ मिमी) आणि पितळी नट. बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून सळईच्या मध्यापर्यंत अंतर २२८.६ मिमी. सळई मिनिटाला एक फेरा फिरली की वरची फळी, तिच्यावरच्या कॅमेऱ्यासकट, पृथ्वीच्या वेगाने उघडते. २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर मोटर आणि ती चालवणारा अर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड यांवर काम भागतं. अंतरात १ मिमी चूक झाली तर मिनिटाला ४ कोनीय सेकंदांचा फरक पडतो, १३५ मिमीवर तो पिक्सेलच्या आत राहतो, त्यामुळे तिथे जीव काढू नका. जीव काढायचा तो बिजागरीत: तिला जराही खेळ नको. आणि सळई सरळच ठेवली तर १५-२० मिनिटांनी परत खाली आणून सुरुवात करा, कारण फळी उघडत जाते तसा वेग चुकत जातो. वाकवून २२८.६ मिमी त्रिज्येची कमान केली तर ही कटकट नाही.

बिजागरीची रेषा ध्रुवताऱ्याकडे रोखायची. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून फक्त २१ अंशांवर असतो, म्हणून फळ्या जवळजवळ आडव्याच दिसतील. युरोपातले आराखडे बघून त्या उभ्या करू नका. ध्रुवाकडे तोंड केल्यावर बिजागरी डाव्या हाताला, आणि उजवी कड वर उचलली गेली पाहिजे. उलट बसवलात तर रेघा दुप्पट लांब येतील. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून साधारण पाऊण अंशाच्या आत आहे. नुसता तोच बिजागरीच्या रेषेत बसवलेल्या नळीतून धरला तरी १३५ मिमीवर ३० सेकंद निभावतात, ६० ला तारे थोडे लांबट होतात.

फोकस हा लोकांचा सगळ्यात मोठा घात. लेन्सवरचं अनंताचं चिन्ह विसरा. व्याधावर लाइव्ह व्ह्यू १० पट करा, तारा सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा, रिंगला चिकटपट्टी लावा. रात्र गार होत जाते तसा फोकस सरकतो, तासाभराने पुन्हा बघा. लेन्स एफ/२ ची असली तरी २.८ वर आणा, कोपऱ्यातले तारे सुधारतात. आयएसओ ८००, रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल), व्हाइट बॅलन्स डेलाइट. एम ४२ ला ३० सेकंदांच्या १२० फ्रेम म्हणजे एक तासाचा प्रकाश. शिवाय ५ सेकंदांच्या ३० वेगळ्या, कारण मधला भाग ३० सेकंदांत पांढराफटक जळतो आणि जळलेलं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. १०० फ्रेम एकत्र केल्या की खरखर दहापटीने कमी होते, ४०० केल्या तर वीसपटीने. तेजोमेघ तोच, आयएसओ तोच, बाकी सगळा हिशेब तासांचा आहे.

त्यासोबत झाकण लावून २०-३० डार्क फ्रेम (सेन्सरचा स्वतःचा दोष नंतर वजा करायला), त्याच तापमानाला, म्हणजे तिथेच, घरी येऊन नव्हे. फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या फ्रेम, पहाटेच्या आकाशावर पांढरा सुती कपडा ताणून, फोकसला हात न लावता. आपल्याकडे धूळ इतकी की फ्लॅटशिवाय फोटोत काळी वर्तुळं उमटतातच. जोडायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल. दोन्ही फुकट आहेत.

जागेचं सांगतो, कारण यात खानदेशातली माणसंही फसतात. सगळे सातपुड्याकडे पळतात, पाल, यावलचा पट्टा. उत्तरेच्या तेजोमेघांना ते उत्तम. पण पालला उभं राहून दक्षिणेकडे बघितलं की रावेर, सावदा, फैजपूर, भुसावळ यांचा सगळा उजेड समोर. धनू राशीतला एम ८, गरुड तेजोमेघ एम १६ हे सगळे दक्षिणेलाच. त्यांच्यासाठी चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीच्या बाजूला जा. उजेड पाठीमागे पडतो, पुढे डोंगर आहेत, पण एम ८ आपल्याकडे ४५ अंश वर येतो, डोंगराचा अडथळा होत नाही. लंडनमध्ये तोच तेजोमेघ १४ अंशांच्या वर चढत नाही, तेव्हा आपल्या अक्षांशाची किंमत ओळखा. (भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ उभारला त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख पाटण्याचाच. आकाशाच्या कामाला याहून चांगली जागा कोणती?) मात्र तो भाग अभयारण्यात आहे. रात्री आत थांबू नका, बाहेर ओळखीच्या शेतात, मालकाला सांगून थांबा. तोरणमाळ उंच आणि खूप काळोखं, पण थंडीत कॅमेऱ्यावर दव लवकर धरतं.

दवाचं केळीपट्ट्यातही तेच. जानेवारीत पाणी भरलेल्या बागेशेजारी उभे राहिलात तर लेन्स तासाभरात धुरकट होते. यूएसबीवर चालणारा गरम पट्टा लेन्सला गुंडाळा, पुसत बसू नका, पुसल्यावर फोकस हलतो. कोरड्या कपाशीच्या शेतात जास्त बरं, फक्त पऱ्हाट्या जाळण्याचे दिवस टाळा. एम ४२ साठी डिसेंबर ते फेब्रुवारी, अमावस्येच्या आगेमागे. धनूकडचे तेजोमेघ एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर, कारण जूनमध्ये ते रात्रभर असतात तेव्हा ढग येतात. त्या उन्हाळी रात्रींना सेन्सर तापतो. साधारण दर ६ अंशांना उष्णतेने त्यात आपोआप साठणारा खोटा प्रकाश (डार्क करंट) दुप्पट होतो, म्हणजे १० अंशांच्या रात्रीपेक्षा ३० अंशांच्या रात्री सुमारे दहापट. तेव्हा डार्क फ्रेम चुकवून चालतच नाही.

कॅमेऱ्यातला तो फिल्टर काढून घेता येतो. कॅननने २०डीए (२००५) आणि ६०डीए (२०१२), निकॉनने डी८१०ए (२०१५) हे कॅमेरे तर आकाशासाठी म्हणूनच काढले, हेही मित्राला सांगा: रंग खोटा असता तर कंपन्यांनी त्यासाठी वेगळा कॅमेरा कशाला केला असता? पण घरचा एकुलता एक कॅमेरा उघडू नका. फ्लॅशचा कपॅसिटर जोरात झटका देतो, आणि नंतर घरचे सगळे फोटो लालसर येतात. जुना दुसरा कॅमेरा घेऊन जाणकाराकडून करून घ्या, तेही लू वाहत नसताना, बंद खोलीत. फिल्टर न काढताही एम ४२ गुलाबी येतो, तासांनी भरून काढावं लागतं इतकंच. रोझेट किंवा उत्तर अमेरिका या नावांचे तेजोमेघ मात्र तसे फारच फिके राहतील.

मित्राशी वाद मिटवायचा तर असा मिटवा. ट्रॅकरवर १३५ मिमीने एम ४२ ची एकच ३० सेकंदांची रॉ फ्रेम घ्या, सिरिलमध्ये उघडून तांबडा, हिरवा, निळा असे तीन भाग वेगळे करा. तांबड्यात पंख दूरवर पसरलेले दिसतील, निळ्यात मधला गाभा. दोन्हींचे आकारच वेगळे. वरून रंग ओतला असता तर आकार एकच राहिला असता. त्याच फ्रेममध्ये अर्धा अंश उत्तरेला एनजीसी १९७७ हा दुसरा तेजोमेघ आहे. त्याची धूळ नुसता ताऱ्यांचा उजेड परतवते, म्हणून तो निळा येतो. एकाच व्हाइट बॅलन्सवर शेजारीशेजारी एक निळा आणि एक गुलाबी. जेपेग देऊ नका, रॉ फाइल त्याच्या हातात द्या, त्यानेच उघडू दे.

एक मात्र त्याचं खरं आहे. हबल अवकाश दुर्बिणीचा १९९५ चा गरुड तेजोमेघातल्या खांबांचा फोटो, सोनेरी-हिरवा, त्यात रंग नेमून दिलेले आहेत: गंधक तांबडा, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात तांबडेच, ते वेगळे ओळखू यावेत म्हणून असं करतात. तुमच्या डीएसएलआरमधून तसला हिरवा येणार नाही, आणि यावा म्हणून स्लायडर ओढत बसू नका. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे फोटो तर अवरक्त प्रकाशातलेच असतात, त्यांची तुलनाच करायची नाही.

आणि ६ इंची दुर्बीण: चंद्र, शनी, गुरू डोळ्याने बघायचे असतील तर डॉबसोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची दुर्बीण) जरूर घ्या, घरच्यांनाही दाखवता येईल. ती आकाशामागे फिरत नाही, म्हणून तेजोमेघाच्या फोटोसाठी नको. तिला पेलणारं फिरतं माउंट त्या दुर्बिणीपेक्षा महाग पडतं.