दिवा नको, खुंटी हवी

बडोदा,
भर पावसात.

चि. बाळास,
नानामामाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो. घरघरीत निम्मंच ऐकू आलं. तेवढ्यावरून समजलं ते असं : सुट्टीच्या दिवशी मोठ्या आगीच्या कॉलला बोलावणं आलं की वाघोडिया रोडवरून दांडिया बाजारच्या फायर स्टेशनला पोचेपर्यंत तुझा जीव टांगणीला लागतो, म्हणून बाइकला लाल-निळा लुकलुकणारा दिवा लावून घ्यायचा विचार आहे. मी ‘नको’ म्हटलं आणि डबा उचलला. पिठाचा डबा हातात असताना माणूस यापेक्षा जास्त बोलू शकत नाही. पण नुसता नकार देऊन गप्प बसणं आम्हा म्हाताऱ्यांना फार सोपं जातं, आणि तुम्हा पोरांना त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून हे पत्र. तुझी आई याचा फोटो काढून तुला पाठवील.

तू पाठवलेला तो परदेशातला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. निळा दिवा लावलेली खासगी गाडी येते, लोक बाजूला होतात, छान वाटतं. अमेरिकेत लहान गावांचा बंब बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकच चालवतात, आणि न्यूयॉर्क राज्यात त्यांना आपल्या गाडीला निळा दिवा लावता येतो, हे खरं. पण तो दिवा ‘मेहेरबानी करून वाट द्या’ एवढंच म्हणतो. त्याच्या जोरावर सिग्नल तोडता येत नाही. ब्रिटनमध्ये घरून, दुकानातून धावत येणारे ‘ऑन-कॉल’ जवान आहेत, त्यांना तर स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावायची परवानगीच नाही. त्यांनी तोड वेगळी काढली. भरतीच्या वेळीच स्टेशनापासून साधारण पाच मिनिटांवर राहणारा किंवा काम करणारा माणूस बघून घेतात. दिवा लावून अंतर तोडण्यापेक्षा मुळात अंतरच कमी ठेवायचं. मला ही गोष्ट पटली.

आपल्याकडचं सांगायचं तर १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरले. तुझ्या बाइकवर कोण राहू देईल? तू कायद्याचं म्हणालास, तर २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ई आलं हे बरोबर आहे. बंबाला किंवा अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण ते बंबासाठी आहे, बंबाकडे निघालेल्या माणसासाठी नाही. आणि एक विचार कर. दिवा बघून लोक बाजूला सरतील, मान वळवून मागून येणारा बंब शोधतील, आणि मागे असेल फक्त तुझी बाइक आणि दुधाचा टेम्पो. असं चारदा झालं की पाचव्यांदा खरा बंब येईल तेव्हा त्याला ते बाजू देतील का?

आता मुख्य गोष्ट. ही मला नोकरीची पहिली सात-आठ वर्षं कुणी सांगितली नव्हती. घरी गेलेल्या माणसाला परत बोलावतात ते बहुतेक वेळा आगीसाठी नसतं, रिकाम्या झालेल्या स्टेशनासाठी असतं. शहरात पहिला बंब पाच ते सात मिनिटांत पोचावा असा आपल्या खात्यात जुना दंडक आहे. तू घरून बारा मिनिटांत येणार. म्हणजे तो पहिला बंब तुझा कधीच नव्हता, दुसराही नाही. ते ड्यूटीवरचे घेऊन गेले. ते गेल्यावर मागं राहतो एखादा उभा बंब, एक ड्रायव्हर आणि वाजणारा फोन. तेवढ्यात मांडवीत किंवा फतेहपुऱ्यात दुसरी ठिणगी पडली तर त्या बंबावर चढायला माणसं हवीत. तू त्यासाठी येतोस. तिथं दोन मिनिटं उशिरा आलेला चालतो. न आलेला चालत नाही.

मी एकदा आलोच नाही. ते सांगतो.

घरोघरी फोन नव्हते तेव्हाची गोष्ट. सायकलवरून निरोप्या यायचा, दारात उभा राहून आमचं नाव पुकारायचा आणि पुढच्या घराकडे निघायचा. एका सकाळी गोदामाच्या आगीचा निरोप आला. मी तोंडावर पाणीसुद्धा न मारता स्कूटर काढली. खंडेराव मार्केटच्या कोपऱ्यावर सकाळी काय गर्दी असते तुला माहीत आहे : झेंडूच्या टोपल्या, मेथीच्या जुड्या, रस्त्यात आडव्या हातगाड्या. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. हॉर्न वाजतोय म्हणजे वाट मिळतेय, अशी माझी समजूत. एक केळीवाला गाडी मागे घेत होता. त्यानं ऐकलं, गोंधळला, आणि मागे जायचं सोडून पुढे आला. स्कूटर गाडीत घुसली. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि त्याच्या पायावर गाडीचं चाक गेलं. रस्ताभर केळी. माणसं जमली, दोघंतिघं मला उचलायला, बाकीचे मारायला.

आणि तेवढ्यात घंटा ऐकू आली. आपलाच बंब. ज्याच्यावर चढायला मी धावत होतो तोच, आणि माझ्याभोवती जमलेल्या गर्दीपाशी येऊन थांबला. ड्रायव्हर वयानं मोठे होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी वरून खाली पाहिलं, मला ओळखलं, आणि काही न बोलता घंटेची दोरी ओढत राहिले. लोकांनी हातगाडी ओढून बाजूला केली. केळी चिरडत बंब पुढे गेला. तो चिकट आवाज अजून कानात आहे. मागून सायकलवर येणारे आमचेच दोघं माझ्यासाठी थांबले, त्यांनी मला आणि केळीवाल्याला रिक्षात घातलं. म्हणजे स्टेशनाला तीन माणसं कमी पडली. केळीवाला दीड महिना घरी होता. त्याच्या घरी मी जात राहिलो. त्याच्या बायकोनं कधी पाणी विचारलं नाही आणि ते बरोबरच होतं.

आता तुझा हिशेब करू. तुझं अंतर धरू पाच किलोमीटर. ताशी तीसनं दहा मिनिटं, ताशी चाळीसनं साडेसात. सगळा जीव धोक्यात घालून वाचली अडीच मिनिटं, तीसुद्धा रस्ता मोकळा मिळाला तर. आणि मागच्या महिन्यात तुझ्या घरी आलो होतो तेव्हा मी बघत होतो : तू मित्राकडे निघालास, तर किल्ली शोधायला किती वेळ? फ्रिजवर, पँटीच्या खिशात, देवघरात, शेवटी तुझ्या बायकोनं कणकेच्या हातानं खिडकीतून काढून दिली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण माझा अर्धा कप चहा संपला. तुझी अडीच मिनिटं त्या खिडकीत आहेत.

दाराच्या चौकटीला एक खुंटी ठोक. किल्ली, पाकीट, ओळखपत्र तिच्यावर. दुसरं काही टांगायचं नाही, बायकोची पिशवीसुद्धा नाही. बूट दारापाशी, मोजे बुटात. बाइक रात्री लावतानाच तोंड फाटकाकडे. तुमच्या सोसायटीत कुणी मागे गाडी लावतो, त्याच्याशी एकदा चहा पिऊन बोल, भांडून नको. पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ द्यायचं नाही. फोन रात्री सायलेंटवर नको, पण कंट्रोल रूमच्या नंबरला वेगळी घंटी लाव, नाहीतर घरातले सगळे प्रत्येक मेसेजला दचकून उठतील. आणि झोपेतून उठलास तर आधी तोंड धू, घोटभर पाणी पी, मग किक मार. अर्धवट झोपेत हँडल धरणं आणि पिऊन चालवणं यात मला फारसा फरक दिसत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून तो उपदेश वाचला, पण शिवरात्रीला भांग पुढे येते, तेव्हा बोलावण्याची शक्यता असेल तर हात जोडून नाही म्हणायचं.

रस्त्याचं. पाणीगेटातून आत शिरून मांडवी, लहेरीपुरा, न्यायमंदिर, सूरसागर हा नकाशात सरळ आणि जवळचा रस्ता आहे. पहाटे चार वाजता खुशाल जा. दिवसा चार दरवाजांच्या आत, जुन्या शहरात शिरलास तर मांडवीखाली एखाद्या रिक्षेच्या मागे उभा राहशील आणि तुझ्या मागे बैल. कार्तिकी पौर्णिमेला नरसिंहजींचा वरघोडा म्हणजे मिरवणूक असते, गणपतीत तर दांडिया बाजारच भरलेला. त्या दिवसांत वाडी भागाकडून बाहेरून वळसा घे, लांब पडतो पण चालू राहतो. यातला कुठला रस्ता कितीला पडतो ते मी सांगून उपयोग नाही, तू सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सात वाजता, असा तिन्ही वेळा स्वतः चालवून बघ. आणि तुझ्या ऑफिसरना एक गोष्ट आधीच विचारून ठेव : बोलावणं आलं आणि आत कोंडी असली, तर पाणीगेट स्टेशनला हजर झालो तर चालेल का? ते तुझ्या वाटेवर आहे. चालेल म्हणाले तर कुणाला कळवायचं तेही विचार. न विचारता तिथं गेलास तर इकडे गैरहजर लागशील.

तुझी सासरवाडी गोत्रीला, म्हणून पावसाळ्याचं वेगळं लिहितो. तिकडून यायचं तर मध्ये रेल्वे आणि विश्वामित्री नदी दोन्ही आडव्या. अलकापुरीचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, पहिल्या मोठ्या पावसातच भरतं, आणि नदी चढली की काळा घोड्याचा पूल बंद करतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये धोक्याची पातळी २६ फूट असताना पाणी ३७ फुटांवर गेलं होतं, तू पाहिलंस. २००५च्या पुरात मी नेमका थोरल्या भावाकडे नदीपलीकडे अडकलो होतो. पँट वर करून पाण्यात उतरायच्या बेतात होतो. (मगरी तेव्हाही होत्या. अंगात रग असली की मगर आठवत नाही.) वहिनी म्हणाली, आधी फोन तर करा. केला. पलीकडून साहेब एवढंच म्हणाले, "तिकडेच थांब, नदीच्या त्या बाजूला मला माणूस पाहिजेच आहे." तीन दिवस त्याच काठावर होडी ओढली. वहिनीनं सुचवलं नसतं तर मलाच काढायला कुणाला तरी होडी घ्यावी लागली असती.

सरळ आगीच्या ठिकाणी जायचं नाही. तुझ्या घरामागे धूर दिसला तरी आधी कंट्रोलला फोन, मग ते सांगतील तसं. चपलेवर, टी-शर्टात, हेल्मेट नाही, धुरात श्वास घ्यायचा बी.ए. सेट नाही, असा तू तिथं काय करणार? त्याहून वाईट म्हणजे तू आत आहेस हे कुणाच्या वहीत नसेल. १४ एप्रिलला आपण छातीला झेंडा लावतो तो १९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटांत गेलेल्या ६६ अग्निशामकांसाठी. माणसं कामावर असताना जातात, ते या नोकरीत धरूनच चालावं लागतं. पण मोजणीत नसलेल्या माणसाला शोधायला कुणी आत जात नाही, कारण तो आत आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. आणि तुझी बाइक लावशील कुठे? बरोबर बंबाला पाणी देणाऱ्या हायड्रंटपाशी. मी पाहिलंय, सगळे तिथंच लावतात.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठ दिवस आधीपासून हँडलला पुढे ती लोखंडी तार लावायची, मांजा अडवणारी. त्या दिवसांत पतंगात अडकलेल्या पक्ष्यांचे कॉल घ्यायला तू जाशीलच, वाटेत स्वतःचा गळा कापून घेऊ नकोस. गळ्याला मफलर. यावर जास्त लिहीत नाही.

स्टेशनात शिरताना धावत शिरू नकोस. गाडी बंबाच्या दारासमोर लावायची नाही, कितीही घाई असो. वहीत वेळ लिही, खरी वेळ, दोन मिनिटं मागची नाही. गणवेश चढव, उभ्या बंबावरचे होज, त्यांच्या तोंडाची ब्रँच, पाण्याची टाकी बघून घे, आणि फोनपाशी बस. कदाचित रात्रभर काहीच येणार नाही. चार-चार तास मी तसा बसलोय, आणि गोदामावरून काळी तोंडं करून आलेले म्हणतात, काय रे, आराम? तेव्हा त्यांच्या हातात चहा द्यायचा. त्यांनाही कधीतरी तसं बसावं लागलेलं असतं.

दिवा अजून घेतला नसशील तर घेऊ नकोस. घेतला असलास तर बिल जपून ठेव, रविवारी दुकानात परत करून येऊ. पहाटे पाचला वाघोडिया रोडवर तुझ्या फाटकाशी मी येतो, एक वही आणि घड्याळ घेऊन. मागे बसेन. दोन्ही रस्ते चालवून बघू, मग कुठेतरी सेवउसळ खाऊ. हेल्मेटची काच पुसून ठेव. मागच्या वेळी तिच्यातून मला तुझे डोळेसुद्धा दिसत नव्हते.

तुझा,
नानामामा